रानमोडी घाट चढली

परवा बेळगावकडच्या जांबोटीहून कणकुंबीला जाताना मध्येच गाडी थांबवली. रस्त्याकडेला रानमोडीचं तण डोक्याच्या वर गेलेलं. एक पान चुरगळून हुंगलं. देठापासून त्रिशुळासारख्या फुटलेल्या तीन शिरा, आणि तो उग्र वास. लहानपणी याच वाटेवर गुरांमागं हिंडलोय, तेव्हा असा वास कधी आला नव्हता. हवा तापली म्हणून ही घाट चढली, असं म्हणतात.

"गुरं तोंड लावत नाहीत की रे ह्याला," मावशी म्हणाली. "आणि कोयत्यानं तोडलं की पावसात दुप्पट फुटतंय."

मूळची ही अमेरिका खंडातली. बी म्हणजे काळी बारीक काडी, टोकाला म्हातारीसारखा झुपका. वाऱ्यावर जातं, चाकाच्या चिखलातनंही जातं. उन्हाळ्यात वाळून वणव्याला सरपण होते, आणि जळलेल्या खोडातनं परत उगवते. घाणेरी ह्या दुसऱ्या तणाची तऱ्हा निराळी, तिचं बी पाखरं पेरतात.

हिमालयात अशा झाडांना वर रोखते ती कडाक्याची थंडी आणि गोठलेलं दहिवर. हिवाळे ऊबदार झाले की ती वेसही वर सरकते. आमच्या घाटात मात्र दहिवर गोठतंय कुठं? म्हणून सगळं खापर तापमानावर फोडायला मी तयार नाही. रुंद केलेला रस्ता, तुटलेली झाडी, मोकळं ऊन, लांबलेला उन्हाळा, वणवे; सगळ्यांनी मिळून वाट करून दिली.

मावशीनं काजूच्या बागेतली रानमोडी यंदा फुलायच्या आधी मुळासकट उपटली. कंबर धरली तिची. बांधापलीकडच्या पडीक रानात मात्र ती पांढरीशुभ्र फुललीय, आणि वारा आमच्याच बाजूला वाहतोय.