जोमसोमचं विमान उडालं नाही, बरं झालं

मुक्तिनाथच्या यात्रेला निघालो होतो, जोमसोमपर्यंत विमानाने. नेपाळमधल्या पोखराच्या विमानतळावर लख्ख ऊन पडलं होतं आणि आमच्या गटातल्या काकांचा आवाज चढला होता. "एवढं स्वच्छ आकाश आहे आणि तुम्ही म्हणता हवा खराब? आम्ही नाशिकहून आलोय, पैसे भरलेत!" काउंटरमागची मुलगी बोर्डिंग पासांच्या गठ्ठ्यावर तळहात दाबून पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, "ऊपर नहीं खुला है, दाइ."

मला राग आला तो आमच्याच माणसांचा. श्रावणात त्र्यंबकला जाणाऱ्यांना तरी हे कळायला हवं. नाशकात ऊन असतं आणि तिकडे ब्रह्मगिरी सकाळपासून ढगात बुडालेला असतो. तोही सव्वाचार हजार फुटांचाच. इथे एका अंगाला अन्नपूर्णा, दुसऱ्या अंगाला धवलगिरी, दोन्ही ८,००० मीटरच्या वर, आणि मधल्या काली गंडकीच्या खोऱ्यातून १९ आसनी ट्विन ऑटर न्यायचं. वैमानिक डोंगर डोळ्यांनी बघत जातो. दुपार व्हायच्या आधीच खोऱ्यात वारा सुटतो, म्हणून उड्डाणं सकाळीच होतात. सकाळ ढगात गेली की दिवस गेला.

२९ मे २०२२ ला असंच एक विमान पोखराहून दहाच्या सुमारास निघालं. जेमतेम २० मिनिटांचा प्रवास. आत २२ जण, त्यात आपल्या ठाण्याचं चौघांचं कुटुंब. अवशेष सापडले दुसऱ्या दिवशी, मुस्तांगमधल्या थासांगच्या डोंगरात, साधारण साडेचौदा हजार फुटांवर. कुणीही वाचलं नाही. विमान ढगात शिरलं, ठरलेला मार्ग सुटला, आणि डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा बंद करून ठेवलेली होती, असं चौकशीत निघालं. याच मार्गावर फेब्रुवारी २०१६ मध्ये २३ आणि त्याआधी मे २०१२ मध्ये १५ माणसं गेली होती.

हे मी तिथेच सांगितलं, तर सगळे माझ्यावर उलटले. "देवाला निघताना असलं अभद्र बोलू नये!" आपल्याच माणसांचं मरण आठवणं अभद्र, आणि उडायला नको म्हणणाऱ्याला उडायला भाग पाडणं चालतं? आई मात्र शांतपणे म्हणाली, "बाई नाही म्हणतेय ना, मग नाही."

उड्डाण रद्द झालं. जीपने निघालो. बेनीच्या पुढे रस्ता असा की पाठीचे मणके मोजून घ्यावेत. धूळ, दरड, पुन्हा धूळ. तातोपानीला एका छोट्या घरगुती हॉटेलात डाळ-भात आणि गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी, मिळालं. वाढणारी दिदी ताट रिकामं होऊच देत नव्हती. नाशिक सोडल्यापासून इतकं मायेनं कुणी वाढलं नव्हतं. थासांगमधून जाताना ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि वरच्या कड्यांकडे हात केला. त्या वेळी सैन्याबरोबर गावातली माणसंही वर चढली होती, म्हणाला. काकांनी खिडकीची काच खाली केली आणि कडे दिसेनासे होईपर्यंत बाहेरच बघत राहिले.

मुक्तिनाथ छान झालं. १०८ धारांखाली आई सगळ्यांच्या आधी गेली.

परत आल्यावर पंचवटीत आमच्या यात्रावाल्याकडे मुद्दाम गेले. त्याच्या नव्या पत्रकात पुन्हा तेच, पोखऱ्याला रात्री पोचायचं आणि सकाळी विमान. मी म्हटलं, एक दिवस राखीव ठेवा आणि आधीच्या बैठकीत स्पष्ट सांगा की विमान निघेलच असं नाही. घाई आपण लावतो आणि तिचा भार त्या काउंटरवर आणि कॉकपिटमध्ये जाऊन पडतो. तो म्हणाला, "ताई, एक मुक्काम वाढला की खर्च वाढतो, लोक दुसऱ्याकडे जातात."

"जाऊ देत. राखीव दिवस टाकणार असाल तर माझ्या दोन्ही मावश्यांची नावं आत्ताच लिहून घ्या."