काळाकुंडचा कलाकंद आणि पाच टायर

गेल्या वर्षीचा जुलै. इंदूरजवळ, सिमरोलच्या आमच्या शेतात सोयाबीन वीतभर वर आलं होतं. डांबरी रस्ता सोडला की शेत जेमतेम सहाशे पावलांवर. त्यातल्या चारशेव्या पावलावर आमची व्ही-क्रॉस, म्हणजे इसुझूची पिकअप, बसली. फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर, टाकला, चारही चाकं गरागरा फिरली, गाडी जागची हलेना. उतरून पाहतो तर टायर दिसतच नव्हते. चाकांच्या जागी काळ्या मातीचे चार गुळगुळीत लाडू!

शेजारच्या शेतातला ट्रॅक्टरवाला साखळी घेऊन आला. आधी दोन मिनिटं नुसता हसला, मग म्हणाला, “गाड़ी तो पेलवान है साब, पण पाँव में चप्पल है.” गाडी ओढून काढल्यावर त्याने मला हाताला धरून स्वतःच्या मागच्या टायरपाशी नेलं. तिरके, उंच दात आणि दोन दातांमध्ये तळहात मावेल एवढी जागा. चाक फिरलं की माती आपोआप बाहेर फेकली जाते. माझ्या हायवे टायरच्या बारीक खाचा पहिल्या फेरीतच लिंपून गेल्या होत्या.

घरी आल्यावर मी जाहीर केलं की टायर बदलायचे. आईने विचारलं, “फाटलेत का?” नाही म्हटल्यावर तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते इथे लिहिता येणार नाही.

खरं तर मला सरळ मड-टेरेन हवे होते, ते अक्राळविक्राळ दातांचे. मामेभावाने अडवलं. “दादा, तू महिन्यातून किती दिवस चिखलात असतोस? बाकीचे दिवस तर रिंग रोडवरच ना?” बोलणं झोंबलं, पण हिशेब त्याचाच बरोबर होता. आमची गाडी आठवडाभर खत, बियाणं आणि पाइप वाहते, तेही डांबरावरून. मड-टेरेन तिथे भुंग्यासारखे घोंगावतात, लवकर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की जीव मुठीत धरायला लावतात.

शिवाय माळव्यात चिखल ही अर्धीच गोष्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा इथे बेसॉल्ट झाला, आणि तोच कुजून काळी माती झाली. पठारावर ती माती पावसात फुगते, पायाला चिकटते. पण विंध्याच्या कडेवर गेलात, जानापावच्या बाजूला किंवा अहिल्याबाईंच्या जाम दरवाजाखाली, की तोच बेसॉल्ट धारदार खडी होऊन वाटेत पडलेला असतो. तिथे टायर जमिनीवर टेकतो तिथून नाही, कुशीतून, म्हणजे बाजूच्या भिंतीतून फाटतो. म्हणजे मला एकाच दगडाच्या दोन अवतारांसाठी टायर हवा होता. ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारा टायर, दुसऱ्या अवताराला पुरून उरतो. पहिल्यासमोर तो मधल्या मार्गाचा, हे मी तेव्हाच मान्य करायला हवं होतं.

देवास नाक्याकडच्या दुकानात तीन चकरा झाल्या. योकोहामाचे जिओलँडार, अपोलोचे ॲप्टेरा, बीएफ गुडरिचचे के-ओ-टू, सगळ्यांवर हात फिरवून झाला. मी कुठले घेतले ते सांगत नाही, नाहीतर भाऊबंद भांडायला येतील. पण एक गोष्ट सांगतो. आकड्यांच्या आधी ‘एलटी’ अक्षरं आहेत का ते पाहा. हे हलक्या ट्रकसाठीचे टायर, कूस जाड, वजन पेलणारे. गाडी भरलेली असते म्हणून मी एलटी घेतले. त्याचा दंडही भरतो. पाट्यांच्या स्प्रिंगवरची रिकामी पिकअप आधीच उडते, आता प्रत्येक गतिरोधकाला मागच्या सीटवरून बायकोचा आवाज येतो. टायर जड म्हणून गाडी लिटरमागे किलोमीटरभर कमीच चालते.

दुकानदाराचा आग्रह होता, गाडीचं मूळ माप २४५/७० आर १६ सोडा, रुंद २६५/७० घ्या, “गाडी खुल के दिखेगी भिया.” छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे खाता खाता कागदाच्या पुडीवर हिशेब मांडला. जुना व्यास ७४९ मिलिमीटर, नवा ७७७. गाडी उचलली जाणार फक्त १४ मिलिमीटर, आणि काटा ८० दाखवेल तेव्हा खरा वेग ८३ असणार. वर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतून घासण्याची भीती. पोहे संपले, विषय संपला. मूळ मापच घेतलं.

पण घेतले पाच. चारवर भागतं असं सगळे म्हणतात. पण व्ही-क्रॉसला मधला डिफरन्शिअल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी, नाही. फोर-व्हीलमध्ये पुढचा-मागचा आस एकाच वेगाने फिरतो. पंक्चरच्या वेळी लहान-मोठ्या व्यासाची स्टेपनी लावली की ताण थेट गिअरांवर येतो. शिवाय बसवण्याआधी कुशीवरचे शेवटचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. एका टायरवर दोन वर्षांपूर्वीचं वर्ष निघालं, तो परत केला. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, पण बदलून दिला.

ऑक्टोबरात निघालो. तेजाजी नगर, सिमरोल, मग भेरूघाट उतरून चोरल. तिथून काळाकुंडकडचा कच्चा रस्ता धरला. मामेभाऊ शेजारी, हातात हवेचा मापक. चौतीसची हवा बावीसवर आणली. टायर थोडा बसका झाला, जमिनीवरचा ठसा लांबला. पहिल्याच खडकाळ चढावर फरक कळला. आधी गाडी दगडावरून दगडावर आपटायची, आता टायर दगडाला कवेत घेऊन पुढे सरकत होता. ओढ्यात गोलगोटे होते, शेवाळलेले. तिथे मी श्वास रोखून धरला आणि मामेभावाने डोळे मिटले. गाडी हळूच पलीकडे निघाली. तो म्हणे, “दादा, आता उघडू?”

काळाकुंड स्टेशनवर पळसाच्या पानातला कलाकंद मिळतो. दाणेदार, किंचित धुरकट. पातालपाणीहून येणारी पर्यटकांसाठीची मीटरगेजची हेरिटेज गाडी घाट उतरून इथे थांबते, प्रवासी खिडकीतून हात बाहेर काढतात. आम्ही फलाटावर बसून पाव किलो संपवला, मग घरासाठी म्हणून आणखी अर्धा किलो घेतला.

परतीला चोरलला डांबर लागताच थांबलो. बसक्या टायरने वेगात पळवलं तर तो तापतो, कूस फाटू शकते. छोट्या कॉम्प्रेसरने चारही चाकं भरायला चाळीस मिनिटं लागली. घरासाठीचा कलाकंद त्या चाळीस मिनिटांत संपला.

यंदा जुलैत पुन्हा शेताकडे वळलो. नवे टायर, फोर-लो, कमी केलेली हवा, सगळं जय्यत. पाचशेव्या पावलापर्यंत गेलो. शंभर पावलांची प्रगती. ट्रॅक्टरवाला साखळी घेऊन आला, टायरवर पाय आपटून पाहिला आणि म्हणाला, “जूता तो बढ़िया लाया साब. पण बरसात में मत आजो.”

आता पावसाळ्यात गाडी डांबरावर लावतो आणि सहाशे पावलं गमबूट घालून जातो.