तंजावरचे राजे आणि तरंगमबाडीचे चर्च

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील आम्हा मराठी मंडळींत तंजावरचा विषय निघाला की बोलणे बृहदीश्वर मंदिरातील मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांच्यापाशी येऊन थांबते. त्याच इतिहासाचा एक पदर लुथेरन (मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथाच्या) चर्चशी जोडलेला आहे आणि तो आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो, याची मला खंत वाटते.

डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याच्या पाठबळाने झिगेनबाल्ग आणि प्लूचाउ हे दोन तरुण जर्मन धर्मोपदेशक जुलै १७०६ मध्ये तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत उतरले, तेव्हा भोवतालच्या मुलखावर व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे राज्य करत होते आणि डॅनिश लोक तंजावर दरबाराला वार्षिक खंडणी भरत असत. झिगेनबाल्ग यांनी तमिळ आत्मसात करून बायबलमधील नवा करार त्या भाषेत आणला आणि छापलाही. १७१८ मध्ये त्यांनी न्यू जेरुसलेम चर्च उभे केले. त्याच्या दर्शनी भिंतीवर फ्रेडरिकची मुकुटांकित राजमुद्रा आजही दिसते. पुढच्याच वर्षी, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, झिगेनबाल्ग वारले आणि त्याच चर्चमध्ये त्यांचे दफन झाले.

१७५० मध्ये याच तरंगमबाडीत आलेले जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ पुढे तंजावरात स्थिरावले. तंजावरचे राजे तुळजाराजे यांनी मृत्यूपूर्वी दत्तकपुत्र सरफोजी यांना त्यांच्या हाती सोपवले. गादीचा वाद उभा राहिला तेव्हा श्वार्ट्झ या मुलाच्या पाठीशी राहिले आणि त्यांनी त्याच्या शिक्षणाची व्यवस्था लावली. १७९८ च्या फेब्रुवारीत ते निवर्तले. सरफोजीराजे गादीवर बसले ते त्यानंतर काही महिन्यांनी. शिष्याचा राज्याभिषेक गुरूला पाहता आला नाही, हे वाचताना आजही मला हळहळ वाटते.

सरफोजीराजांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्पपट घडवून घेतला आणि तो तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये बसवला. मृत्युशय्येवरील गुरूचा हात हाती घेऊन राजा उभा आहे आणि जवळ शाळकरी मुले आहेत, असे ते दृश्य आहे. राजे अखेरपर्यंत शिवभक्तच राहिले. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेणारेही तेच. हे चर्च त्या मंदिराच्या अगदी जवळ, शिवगंगा तलावाशेजारी आहे; तेव्हा आपल्याकडून तंजावरला जाणाऱ्यांनी शिलालेख वाचून झाल्यावर तिकडेही अवश्य जावे.