मॉनिटर चालूच होईना, दोष निघाला दोन कपॅसिटरचा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे, सकाळी कामाला बसले, बटण दाबलं तर मॉनिटर ढिम्म. माझं घरूनच डीटीपीचं काम आणि त्या दिवशी दुपारपर्यंत एक लग्नपत्रिका छापखान्यात पाठवायचीच होती, पोटात गोळाच आला. मॉनिटर २०१२ साली घेतलेला, २२ इंची, रोज आठ-दहा तास चालणारा, माझा हात बसलाय त्याच्यावर.

आधी साधं साधं बघितलं. सॉकेटमध्ये करंट आहे का ते मोबाईलचा चार्जर लावून, मग सीपीयूची पॉवर केबल काढून मॉनिटरला लावली, दोघांची केबल सारखीच होती, तरी काही नाही. सीपीयू हॉलमध्ये नेला, एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला तर व्यवस्थित चालू झाला. पत्रिका तिथेच सतरंजीवर बसून पूर्ण केली आणि सीपीयू चांगला आहे हेही कळलं.

तुमचा मॉनिटर असा बसला तर बटणाजवळचा बारीक लाईट नीट बघा, निम्मं तिथेच कळतं. लाईट लागतोय आणि नो सिग्नल येतंय तर मॉनिटर बहुतेक ठीक आहे, मग केबल, इनपुट सेटिंग, सीपीयूची रॅम हे बघायचं, आणि ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला लावलीय ना मदरबोर्डला नाही ना तेही बघायचं. लाईट नीट आहे पण स्क्रीन काळी, तर खोलीत अंधार करून टॉर्च तिरका मारा, अंधुक चित्र दिसलं तर बॅकलाईट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड, गेलाय. लाईट लागतच नसेल तर पॉवरचा प्रॉब्लेम.

माझ्याकडे लाईट लागायचा, विझायचा, परत लागायचा आणि आतून हलकी टिकटिक. त्याच्या आधी दोन महिने मॉनिटर सकाळी उशिरा चालू व्हायचा, आधी दहा सेकंद मग दोन-तीन मिनिटं, एकदा तापला की दिवसभर छान. ते मी अंगावर काढलं, तेव्हाच दाखवायला हवा होता.

दुकानात नेला तर न उघडताच पॅनेल (म्हणजे स्क्रीनच) गेलं, नवीन घ्या म्हणाले. मला ते अजिबात पटलं नाही, पॅनेल गेलं तर लाईट असा लुकलुकत कशाला राहील? मग गल्लीतल्या टीव्ही रिपेअरवाल्या काकांकडे नेला. त्यांनी मागचं कव्हर काढलं, पॉवर सप्लायचा बोर्ड उलटा केला आणि म्हणाले, "हे बघ ताई, याला पोट आलंय." दोन बुटके कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे छोट्या डब्यांसारखे पार्ट, वरचा पत्रा सपाट असायला हवा तो फुगलेला, एकाच्या डोक्यावरच्या खाचेतून तपकिरी चिकट काहीतरी येऊन वाळलेलं. शेजारीच हीटसिंक, म्हणजे पार्टांची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, इतकी वर्षं त्या उष्णतेत आतला द्रव सुकत गेला.

बोर्डावर एक मोठा कपॅसिटरही होता, त्याला काकांनी आधी मीटर लावून बघितला. आपल्या २३० व्होल्टचे आत डीसीमध्ये सव्वातीनशेच्या आसपास होतात आणि प्लग काढल्यावरही तो चार्ज धरून ठेवू शकतो, त्यामुळे माहिती नसेल तर प्लीज घरी उघडू नका, जीवाशी खेळ आहे.

जुने दोन्ही १००० मायक्रोफॅरड (वीज साठवायच्या क्षमतेचं माप), २५ व्होल्टचे होते. काकांनी मायक्रोफॅरड तेवढेच ठेवले, व्होल्ट ३५ चे घातले, व्होल्ट जास्त चालतात कमी नाही, आणि १०५ डिग्रीपर्यंत उष्णता सोसणारेच घेतले. कपॅसिटरवरच्या पट्टीची बाजू मायनसला येतेय ना ते दोनदा तपासून सोल्डरचे डाग दिले. अर्धा तास लागला, अडीचशे रुपये घेतले.

बटण दाबल्याबरोबर निळा लाईट लागला आणि स्थिर राहिला. तो मॉनिटर अजून चालतोय, हे त्याच्यावरच टाईप करतेय.