पंचमाच्या अलीकडे

काल दुपारी अडीचच्या सुमारास, म्हणजे ज्या वेळी आमच्या पेठेत पोस्टमनसुद्धा बेल वाजवायला बिचकतो त्या वेळी, स्वयंपाकघरात ओट्यावरून स्टीलचे ताट खाली पडले. बराच वेळ गरगरून ते एकदाचे शांत झाले, आणि त्यानंतरच्या शांततेत बाहेरच्या खोलीतून कोणीतरी अगदी हळू आवाजात त्याला ओ दिली. ती सतार होती. सकाळी रियाझ अर्धवट टाकून उठताना तिला गवसणी घालायची राहून गेली होती आणि पडद्यांखालच्या तरफांपैकी एक तार आपणहून थरथरत होती. मी जवळ जाऊन कान लावला, तर पंचम. गेले चौदा महिने जो पंचम माझ्या बोटाला सापडलेला नाही, तो जेवणाच्या ताटाला पहिल्या फटक्यात लागला होता.

सतार शिकणाऱ्यांना ही जागा सांगायला नकोच. गंधाराच्या पडद्यावर बोट ठेवायचे, नखीने एकच आघात करायचा आणि त्याच पडद्यावर तार आडवी खेचत तीव्र मध्यमावरून पंचमापर्यंत न्यायची. यमन वाजवायचा तर ही मींड टाळून भागत नाही. माझी तार निघते ती उत्साहात निघते, मध्यम ओलांडते, आणि मग पंचमाच्या दारात चपला काढून उभी राहते; आत म्हणून काही जात नाही. ह्यांनी एकदा माझी दया येऊन वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडून दाखवले होते. गंधार आणि पंचम यांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण पाचास सहा, तारेवरचा ताण मात्र कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवावा लागतो, म्हणजे पंचविसास छत्तीस, म्हणजे मूळ ताणाच्या ४४ टक्के अधिक. "तेव्हा बोट दुखणारच," असा निष्कर्ष काढून त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि ते शब्दकोड्याकडे वळले. गणित सुटले, पंचम होता तिथेच राहिला.

शाळेतली नोकरी अजून चालू होती, तेव्हा वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी शिकायला सुरुवात केली. सतार मिरजेहून आणली. एके काळी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी तिथे तंतुवाद्ये करायला घेतली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकनही मिळाले, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला अजून सांगत असते, कारण वाजवून दाखवण्यापेक्षा ते सोपे आहे. पहिली दोन-अडीच वर्षे फार सुखाची गेली. दर महिन्याला काहीतरी नवे यायचे. बोटांना आधी फोड आले, मग घट्टे पडले, आणि त्या घट्ट्यांचा मला इतका अभिमान वाटायचा की भाजी घेतानाही मी डाव्या हाताने पैसे पुढे करायची. बाराव्या मात्रेवरून मसीतखानी, म्हणजे संथ चालीची, गत उचलून समेवर आले त्या दिवशी मी घरी श्रीखंड आणले होते. परीक्षाही प्रवेशिका पूर्णपर्यंत झाल्या. आणि मग, नेमके कधी ते सांगता येणार नाही, पण एका पावसाळ्यात सगळे थांबले.

आमचा क्लास सदाशिव पेठेत एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भरतो. सर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत. मी त्यांना सर म्हणते आणि ते मला काकू म्हणतात, त्यामुळे रागावायचे कोणी हा प्रश्न कायमचा निकालात निघालेला आहे. माझ्या शेजारी सहावीतला एक मुलगा बसतो. माझ्यानंतर दीड वर्षाने आलेल्या या मुलाने परवा ती मींड घेतली, पंचमावर क्षणभर थांबला आणि मग नाक पुसले. मला त्या नाक पुसण्याचाच अधिक राग आला.

उपाय म्हणाल तर सगळे करून झाले. कालनिर्णयच्या चौकोनात, दूध आणि इस्त्री यांच्या नोंदींखाली, मी रोजच्या रियाझाची मिनिटे पेन्सिलीने लिहिते. महिनाअखेर बेरीज करते आणि ती बेरीज दुधापेक्षा कमी भरली की अस्वस्थ होते. जुन्या गवय्या-बजवय्यांच्या चाळीस दिवसांच्या चिल्ल्याच्या, म्हणजे स्वतःला कोंडून घेऊन केलेल्या रियाझाच्या, गोष्टी वाचून मीही एकदा चिल्ला धरला होता. नवव्या दिवशी नागपूरचे पाहुणे आले आणि तेराव्या दिवशी गेले. पुण्यात राहणाऱ्याला आणखी एक उपाय आयताच मिळतो, तो म्हणजे सवाई. भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेल्या या महोत्सवाने डिसेंबरातल्या चार-पाच दिवसांत इतके पुणेकर पेटून उठतात की त्यानंतरच्या आठवड्यात कोणत्याही गल्लीतून जावे तर कोणीतरी सा लावत असते. माझा स्वतःचा पेट साधारण पुढच्या गुरुवारपर्यंत टिकतो. थोरांचे वादन ऐकून हुरूप येतो असे म्हणतात, पण मला तर ते ऐकून सतार विकावीशी वाटते.

या थांबण्याला शास्त्रात नाव आहे, आणि ते मला पंचवीस वर्षांपासून माहीत होते. बी.एड.ला असताना आम्हाला अध्ययनाच्या आलेखातली 'पठारावस्था' होती, चार मार्कांची टीप. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या ब्रायन आणि हार्टर या दोघांनी, त्यांपैकी हार्टर पूर्वी स्वतः तारायंत्रावर काम केलेले, १८९७ आणि १८९९ मध्ये तारमास्तरांच्या शिकण्याचा अभ्यास छापला. संदेश पाठवण्याचा वेग सरळ चढत जातो. संदेश ऐकून घेण्याचा वेग मात्र चढता चढता एका जागी अडतो, कितीतरी आठवडे आडवा पडून राहतो, आणि मग पुन्हा चढू लागतो. त्यांचे म्हणणे असे की आडव्या काळात माणूस रिकामा नसतो, सुटी अक्षरे जोडून शब्द ऐकायला शिकत असतो. पुढच्या अभ्यासकांपैकी काहींना असे पठार सापडलेच नाही, असेही वाचले. त्यांनी सदाशिव पेठेत यायला हवे होते.

पठार या शब्दाचे एरवी मला वाईट वाटायचे कारण नाही, आपण सगळे पठारावरच राहतो. कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लावतात, ती ढकलत ढकलत घाट चढवतात, कानांना दडे बसतात, बोगदे मोजले जातात, आणि लोणावळा गेले की चढणे संपते. मग कोणाला काही जाणवत नाही. डेक्कनवर उभ्या असलेल्या माणसाला आपण समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच आहोत असे कधी वाटले आहे काय?

पण काल त्या तरफेचा आवाज विरल्यावर मला आठवले ते घाट नव्हेत. आमचे मोठे काका आठवले. ते तारखात्यात होते. बी.एड.ची ती टीप मी पाठ केली, लिहिली, तिच्यावर साडेतीन मार्क मिळवले, आणि ज्यांच्यावर ती लिहिली तसला एक तारमास्तर शनिवार पेठेत आपल्याच घरी झोपाळ्यावर बसतो, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आले नाही.

काकांना बहुधा रात्रपाळी असे, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या दुपारी सगळा वाडा घोरत असताना ते आणि मी असे दोघेच जागे असायचो. ते झोपाळ्यावर पाय न टेकता बसायचे, मांडीवर पानाचा डबा, आणि हातात पितळेचा एक जुना सैल अडकित्ता. सुपारी कातरून झाली की रिकामा अडकित्ता चालू राहायचा. मिटताना कट्, उघडताना खट्. मी एकदा विचारले तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून घेतले आणि एखाद्या मोठ्या माणसाला सांगावे तसे गंभीरपणे सांगितले, "तारेत टिंब आणि रेघ असते ना, ती ऐकू येत नाही बरे का. कट् ऐकू येते आणि खट् ऐकू येते. आपण ऐकायची ती मधली जागा. जागा आखूड असली तर टिंब, लांब असली तर रेघ." मग ई म्हणजे एक टिंब, टी म्हणजे एक रेघ, ए म्हणजे टिंब-रेघ, एन त्याच्या उलटा, दोन टिंबांचा आय आणि दोन रेघांचा एम, अशी सहा अक्षरे मी तीन दुपारी शिकले. मला तर अडकित्ता हातात घेऊन कटकट करता येऊ लागली होती, म्हणून मी त्यांना ऐटीत म्हटले की मला तार येते. ते हसले. "पाठवणारे पैशाला पासरी मिळतात ग. घेणारा व्हायला दिवस लागतात." ट्रेनिंगमध्ये स्वतःला कित्येक महिने नुसती अक्षरे ऐकू यायची, कागदावर एकेक टिपेपर्यंत पुढची चार निघून जायची, एवढे ते बोलले. आणि मग एका रात्री अर्धवट पेंगत असताना अक्षरे पडायची थांबली आणि शब्द पडू लागले. त्यांनी हे सांगताना अडकित्ता हवेत धरून ठेवला होता, तो मला अजून दिसतो. सातव्या अक्षरापाशी मी अडले. दोन दुपारी अडून बसले, आणि तिसऱ्या दिवशी रत्नागिरीहून आंब्याची पेटी आली, तेव्हा माझ्यापुरते तारखाते बंद पडले.

काल संध्याकाळी मला एक गोष्ट सुचली आणि सुचली तेव्हा फार थोर वाटली. दोन वर्षांपूर्वी मी यमनची तीन मिनिटे मोबाइलवर रेकॉर्ड करून मुलीला पाठवली होती. ती शोधून ऐकली. त्या वेळी मला तो पंचम चोख लागल्यासारखा वाटला होता, इतका की ते मी चारचौघांना ऐकवले होते. काल ऐकला तर तो चांगलाच उतरलेला, आताच्यापेक्षाही उतरलेला. म्हणजे हात थांबलेला नाही. मधल्या काळात कान पुढे निघून गेला आणि तिथून मागे वळून हाताला नावे ठेवू लागला. दोन वर्षांपूर्वी मी नुसती पाठवत होते, आता घेऊ लागले आहे. या शोधाच्या भरात मी सतार काढली, जुळवली आणि ती मींड घेतली. तार पंचमाच्या अलीकडे थांबली. कान पुढे गेला असेलही, त्याचे अभिनंदन. पण शेजारच्या भिंतीला जे ऐकू जाते ते हाताचे.

मग रोज बसतेस कशाला, असे मुलगी विचारते. फी तीन महिन्यांची आगाऊ भरलेली असते हे एक उत्तर आहे, आणि या शहरात ते पुरेसे मानले जाते. दुसरे उत्तर मी सरांनाही सांगितलेले नाही. मला वाजवण्यापेक्षा जुळवणे अधिक आवडते. बाजाची तार, जोड, चिकारी हे सगळे झाल्यावर तरफांच्या खुंट्या एकेक करून पिळायच्या, कधी केसभर पुढे, कधी केसभर मागे, आणि एका क्षणी वरची तार छेडली की खालून तिच्या नावाची तरफ हात न लावता बोलते. "काकू, तुमचा निम्मा वेळ जुळवण्यातच जातो," असे सर म्हणतात ते खरे आहे. कालनिर्णयवर मी ती मिनिटेही रियाझात धरते.

देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. काका निवृत्त होऊन तेव्हा बरीच वर्षे लोटली होती. बातमी त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. पुढच्या वर्षी भाद्रपदात ते अंथरुणाला खिळले. शेवटच्या आठवड्यात बोलणे बंद झाले होते. मी भेटायला गेले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते आणि उजव्या हाताची तर्जनी चादरीवर दाबली जात होती, सुटत होती, पुन्हा दाबली जात होती. "सकाळपासून हे असेच चालले आहे," मोठी काकू म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, अशक्तपणाने होते." ऐकू काहीच येत नव्हते, पण बोट कधी टेकताच उचलले जात होते आणि कधी जरा रेंगाळून. मी खुर्ची जवळ ओढली. एक ए ओळखता आला. थोड्या वेळाने एन, आणि एकदा आय. मधली सगळी अक्षरे फार वेगाने निघून जात होती, आणि घरात घेणारे कोणी नव्हते.