अस्सल महाळुंग: ओळख आणि जपणूक

महाळुंग (जाड सालीचं मोठं लिंबूवर्गीय फळ) म्हणून लावलेल्या झाडाला चार-पाच वर्षांनी जंबेरीची, म्हणजे कलमासाठी खाली वापरतात त्या खडबडीत लिंबाची, फळं लागली की दोष कलमाला दिला जातो: कलम केलं, जात बाटली. असं होत नाही. खुंटामुळे (ज्यावर कलम करतात त्या खालच्या मुळांच्या झाडामुळे) वाढ, जोम, रोगाला तोंड देण्याची ताकद बदलते, पण वर बसवलेल्या डोळ्याची, म्हणजे कळीची, जात तीच राहते. जंबेरी येते ती खुंटातूनच, पण फुटव्याच्या वाटेने. डोळा भरलेल्या जागेखालून फुटवा निघतो, तो वरच्या महाळुंगापेक्षा जोमाने वाढतो आणि दोन पावसाळ्यांत मूळ फांदी दबून वाळते. मालकाला झाड हिरवंगार दिसतं, म्हणून शंकाही येत नाही.

ज्यूंच्या सुक्कोत सणाला लागणारं एत्रोग हे महाळुंगच. तिथे बहुतेक धर्मगुरू कलमी झाडाचं फळ अमान्य करतात. तो धर्माचा नियम आहे आणि त्यामुळे जुनी झाडं जपली गेली, हे मोलाचंच. आपल्याकडे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात हेच फळ आहे, तरी परसातलं झाड नक्की कोणतं हे कुणी तपासत नाही, याचं वाईट वाटतं.

घोटाळा होण्याचं कारण नात्यात आहे. महाळुंग, पपनस आणि मँडरिन ही लिंबूवर्गातली मूळ कुळं. जंबेरी आणि रंगपूर लाइम हे दोन्ही खुंट मँडरिन आणि महाळुंग यांच्या संकरातून आलेले. कागदी लिंबाचा बापही महाळुंगच. म्हणजे ज्या खुंटावर महाळुंगाचा डोळा भरायचा तो महाळुंगाचंच लेकरू, मग साम्य असणारच.

म्हणून आधी पान बघा. जून पान देठासकट तोडा आणि पातं हळूच मागे वाकवा. जंबेरी किंवा कागदी लिंबाचं पातं देठाच्या सांध्यावर टचकन सुटतं. महाळुंगाला तो सांधा जवळजवळ नसतोच, त्यामुळे पातं फाटतं पण सांध्यावर निखळत नाही. देठाला पंखही नसतो; पपनसाला तो मोठा असतो. कोवळी फूट आणि कळ्या जांभळट असतात, पण तशा लिंबालाही असतात, तेवढ्यावर जाऊ नका. फळ आडवं चिरलं की सालीखाली जाड पांढरा भाग आणि मधोमध थोडाच रस. पांढरा भाग चाखा: महाळुंगाचा सौम्य लागतो, जंबेरीचा कडू.

शेवटची खात्री बियांनी. रात्रभर भिजवून साल काढा. महाळुंगाच्या बीत एकच गर्भ असतो. जंबेरी आणि कागदी लिंबाच्या बीत बहुधा एकाहून जास्त. याच कारणामुळे महाळुंगाच्या बीचं रोप म्हणजे आईची हुबेहूब नक्कल नव्हे, शेजारच्या लिंबाचे पराग आले तर संकर होतो. बीपासूनच रोप करायचं असेल तर उमलायच्या आदल्या दिवशी कळीला कागदी पिशवी बांधा. मात्र बरीच फुलं नुसती नर असतात, मधली बोंडी नसलेली. ती गळतात, घाबरू नका.

आमच्या मते सर्वांत बरी गुटी (झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून ती वेगळी करणं), कारण झाड स्वतःच्या मुळांवर उभं राहतं आणि खालून फुटवा आला तरी तोही महाळुंगच. जुलै-ऑगस्टमध्ये पेन्सिलीएवढी जाड, गेल्या हंगामातली फांदी घ्या. अडीच सेंटिमीटर रुंद सालीचं कडं काढा आणि उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर सुरीने खरवडा. हा थर राहिला की साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटतच नाहीत. बहुतेक गुट्या इथेच फसतात. मुळं फुटण्याचं संजीवक लावून, ओलं शेवाळ घट्ट पिळून भोवती बसवा, प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीने आवळा. शेवाळातून पाणी ठिबकत असेल तर साल कुजते. दीड-दोन महिन्यांत पांढरी मुळं प्लॅस्टिकमधून दिसतात. मुळांचा रंग तपकिरी होऊ लागला की फांदी कापा, निम्मी पानं काढा आणि पिशवीत लावून सावलीत ठेवा.

स्वतःच्या मुळांची एक किंमत आहे: महाळुंगाची मुळं डिंक्याला (खोडातून डिंक गळून साल कुजण्याच्या रोगाला) लवकर बळी पडतात. पाटण-महाबळेश्वरच्या पावसात आणि सांगलीकडच्या काळ्या जमिनीत उंचवट्यावरच लावा, खोडाभोवती पाणी साचू देऊ नका. पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करा; लोखंडी भांडं वापरलं तर मिश्रण वाया जातं.