टाकी भरली की बंद पडायचा

डिसेंबर संपत आला होता. सकाळचे साडेसहा झाले असतील. मी गॅरेजचं शटर वर करत होतो आणि फोन वाजला. "मिस्त्री, दोनशे पंच्याहत्तर पुन्हा बसला. नाल्याच्या पुलावर, चढावर उभा हाये. ट्रॉली भरून हाये." ट्रॅक्टरवाल्या काकांचा मुलगा बोलत होता आणि मागून ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते.

त्यातला 'पुन्हा' मला लागला. पंधरा दिवसांपूर्वी हाच ट्रॅक्टर माझ्याच गॅरेजमधून 'झाला' म्हणून गेला होता. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचं किट मी माझ्या हातांनी बदललं होतं आणि काकांकडून अठराशे रुपये मोजून घेतले होते.

माझं गॅरेज हिंगणघाटच्या बाजूला आहे. नव्या ट्रॅक्टरचं काम कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जातं, माझ्याकडे येतात ते जुने. वर्षभरातल्या कामांत कापसाचे तीन-चार महिने सगळ्यात धावपळीचे असतात. विदर्भात कापूस अजून हातानेच वेचला जातो. परदेशातली मोठी वेचणी यंत्रं इथे चालवून पाहिली गेली आहेत, पण आपलं पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं झाड उंच आणि पसरट, बोंडं एकदम न फुटता दोन-तीन महिने फुटत राहतात, त्यामुळे तीन-चार वेचे घ्यावे लागतात. यंत्राला झाडं बुटकी हवीत, बोंडं एकदमच फुटलेली हवीत आणि पानंही आधी गळवलेली हवीत. म्हणून आपल्याकडे कापूस काढायचं 'यंत्र' म्हणजे बायांचे हात, आणि तो बाजारात न्यायला जुना ट्रॅक्टर आणि ट्रॉली. तो ट्रॅक्टर बसला की सगळंच बसलं.

काकांचा ट्रॅक्टर म्हणजे महिंद्राचा बी-२७५. याचा वंश मला फार आवडतो. मूळ ट्रॅक्टर इंग्लंडातल्या डॉनकास्टरच्या कारखान्यातला, इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा. १९६३ मध्ये महिंद्राने त्यांच्याबरोबर इथे कंपनी काढली आणि हा ट्रॅक्टर आपल्याकडे तयार होऊ लागला. याच इंटरनॅशनल हार्वेस्टरने अमेरिकेत कापूस वेचायचं यंत्र पहिल्यांदा व्यापारी पायावर बाजारात आणलं. ते आपल्याच ट्रॅक्टरवर बसवलेलं होतं आणि वेचणीच्या वेळी ट्रॅक्टर उलटा चालवायचा. १९४३ सालचं तसं एक यंत्र तिकडच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलंय. तिथला भाऊबंद संग्रहालयात विसावलाय आणि इथला अजून बावीस क्विंटल कापूस ओढतोय.

हाताखालच्या पोराला मागे बसवलं, पान्यांची पेटी त्याच्या मांडीवर दिली आणि मोटारसायकल काढली. थंडी होती, आभाळ भरलेलं होतं. काकांचा जीव का टांगणीला लागला असेल ते रस्त्यातच कळत होतं. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलावा हा पाया धरतात. त्याच्या वर १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात होते आणि १२ च्या वर गेला तर माल घेतच नाहीत. त्या हंगामात, म्हणजे २०२४-२५ ला, लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे त्या ट्रॉलीत दीड लाखाच्या वरचा माल होता आणि तो पावसाच्या एका सरीच्या अंतरावर होता.

पुलावर पोचलो आणि समोरचं पाहून माझ्या अंगावर काटा आला. मुलाने एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवला होता आणि तारेला गुंडाळलेला डिझेलचा बोळा पेटवून तो इंजिनाच्या तोंडाशी धरत होता. दुसरा कोणी तरी सेल्फ मारत होता. थंडीत इंजिन तापवणारे हीटर प्लग जुन्या गाड्यांचे गेलेले असतात, म्हणून थंडीत खेड्यापाड्यात सर्रास असंच चालू करतात. पण त्या जाळापासून ट्रॉली दहा फुटांवर आणि वारा तिच्याच दिशेने! ताडपत्रीच्या बाजूने कापसाचे पुंजके बाहेर लोंबत होते.

मी गाडी स्टँडवरही लावली नाही. पोराच्या हातात सोडून धावलो, बोळा हिसकून खाली टाकला आणि बुटाने विझवला. मुलगा चिडला. "बॅटरी उतरली ना मिस्त्री, दुसरं काय करू?" त्याचंही खरं होतं, पहाटे चारला निघालेला माणूस. पण कापसाला लागलेली आग वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. गाठीत शिरलेली ठिणगी दोन-दोन दिवसांनी उठते, हे जिनिंगमधला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातला कोणताही मजूर सांगेल. तिथे रस्त्यावर पाण्याची एक बादली नव्हती. माझे हात पुढची पाच मिनिटं थरथरत होते, आणि आजही कोणी भरल्या ट्रॉलीजवळ बोळा पेटवताना दिसलं तर मी गाडी थांबवून भांडतो.

मग सगळ्यांना बाजूला केलं. म्हटलं, आता कोणीही कशालाही हात लावायचा नाही, आधी मला सगळं सांगा.

या ट्रॅक्टरची तक्रार साधी होती. दसऱ्यानंतर कधीतरी सुरू झाली. वजन ओढताना वीस-पंचवीस मिनिटांनी दम तोडायचा, भकभक करून बंद पडायचा. पंधरा-वीस मिनिटं उभा ठेवला की पुन्हा चालू. आधी गावातल्या मिस्त्रीने दोन्ही डिझेल फिल्टर बदलले. मग दुसऱ्याने मायको पंप, म्हणजे इंजिनात डिझेल मारणारा पंप, काढून शहरात नेला, कॅलिब्रेशन करून आणलं, त्यात काकांचे काही हजार गेले. मग मी फीड पंप केला. दर वेळी काम झाल्यावर ट्रॅक्टर चालायचा आणि काम करणाऱ्याला वाटायचं, आपलंच बरोबर.

काका मैलाच्या दगडावर बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. विचारलं, "काका, आज डिझेल किती होतं?"

"काल सांजेले टिच्चून भरलं. गळ्यापर्यंत." मग थोडं थांबून म्हणाले, "म्या तं तुमाले तवाच सांगतलं होतं, मिस्त्री. टाकी भरली का लवकर बसते. अर्धी राहिली तं मार्केटले नेऊन सोडते. कोनी आयकतच नाई."

खरंच सांगितलं होतं. माझ्या गॅरेजमध्ये, माझ्यासमोर उभं राहून सांगितलं होतं. आणि मी म्हणालो होतो, "काका, भरलेल्या टाकीवर तर उलट चांगला चालायला पाहिजे." ते मला त्या दगडापाशी शब्दन् शब्द आठवलं. ज्या माणसाने चाळीस वर्षं एकच ट्रॅक्टर चालवला, त्याचं बोलणं माझ्या हिशेबात बसत नव्हतं म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

मी उठलो आणि पहिल्यांदाच टाकीचं झाकण नीट पाहिलं. त्यावर प्लास्टिकची पन्नी होती, सुतळीने तीन वेढे देऊन बांधलेली. विचारलं तर कळलं, भादव्यातल्या पावसात टाकीत पाणी गेलं होतं, तेव्हापासून काकांनी झाकणाखाली ट्रकच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून बसवला होता आणि वरून पन्नी. काल आभाळ पाहून ती नव्याने घट्ट बांधली होती.

"बंद पडल्यापासून हे झाकण कोणी उघडलं?"

"कायले उघडाचं? भरूनच होती ना टाकी."

तेवढ्यात मला लखकन समजलं. दर वेळी बिघाड झाला की मिस्त्री येतो आणि सगळ्यात आधी काय करतो? डिझेल आहे का ते पाहायला झाकण उघडतो. त्याच क्षणी ट्रॅक्टर दुरुस्त होत होता! त्यानंतर आम्ही जे काही बदललं त्याला श्रेय मिळालं. माझ्याकडे तर तो रात्रभर उभा राहून आला होता, त्यामुळे मला काही सापडायचा प्रश्नच नव्हता.

रस्त्यावरचे ट्रक जाऊ दिले. पोराला म्हटलं, चुप उभा राहा आणि कान इकडे ठेव. सुतळी कापली, पन्नी काढली. झाकण फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा ते कळ सोडल्यासारखं हललं आणि आत हवा शिरल्याचा बारीक, लांबलचक सूंऽऽऽ असा आवाज आला. मग टाकीचा पत्रा 'टण्' करून वाजला. आत ओढला गेलेला पत्रा जागेवर आला होता. पोरगा माझ्याकडे पाहायला लागला. काका उठून उभे राहिले.

मुलाला पटवायला मी त्याच्याच हातातली पाण्याची प्लास्टिकची बाटली घेतली. तोंड गच्च लावून पाणी ओढलं, बाटली चेपली आणि पाणी यायचं थांबलं. टाकीचंही तसंच. झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं. जेवढं डिझेल खाली जातं तेवढी हवा त्यातून आत यायला हवी. छिद्र बुजलं की टाकीच डिझेल धरून ठेवते आणि फीड पंप कितीही नवा असला तरी ओढू शकत नाही. रिकाम्या गाडीला डिझेल कमी लागतं म्हणून तेव्हा लक्षात येत नाही, ओझं आलं की उपाशी मरते.

आणि काकांची ती गोष्ट? टाकी गळ्यापर्यंत भरली तर वर हवा उरते लिटर-दोन लिटर. दोन लिटर डिझेल जळलं की त्याच हवेला दुप्पट जागा भरावी लागते, ताण प्रचंड येतो. अर्ध्या टाकीत वर वीस-बावीस लिटर हवा असते, दोन लिटर कमी झालं तर तिला जाणवतही नाही. काका अक्षर न् अक्षर खरं बोलत होते.

बाकीचं काम पाऊण तासाचं. मुलाने फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारला होता, डिझेल येत नव्हतं आणि नुसता फेस झाला होता. पुन्हा हातपंप मारला, या वेळी पहिल्या दहा-बारा दाबांतच स्वच्छ धार आली. पंपाची एअर, म्हणजे आत अडकलेली हवा काढली, मग इंजेक्टरच्या पाइपांचे नट एकेक करून सैल केले. मागे कापसाचाच एक ट्रॅक्टर अडकला होता, त्याच्या बॅटरीवरून वायरी जोडल्या. दुसऱ्या सेल्फला इंजिन धरलं. ट्यूबचा तुकडा मी खिशात टाकला, झाकणाचं छिद्र तारेने मोकळं केलं, आत चिकट धूळ आणि कापसाचा भुरका घट्ट बसला होता, तो काढला. ट्रॉली चढावरून हलली तेव्हा मी मडगार्डवर बसलो होतो. मार्केटच्या फाटकापर्यंत इंजिन एकदाही अडखळलं नाही. ओलाव्याचं मीटर ९ दाखवत होतं. पाऊस दुपारी आला, तोवर माल शेडमध्ये होता.

संध्याकाळी काकांना अठराशे रुपये परत दिले. ते घेईनात. "पोरं हायेत तुमाले," म्हणाले. शेवटी मुलाच्या खिशात कोंबले.

पण मला चैन नव्हतं. एवढ्यावर 'हेच कारण' म्हणणं म्हणजे पुन्हा आधीसारखंच झालं असतं, झाकण उघडलं आणि चालू झाला. दोन दिवसांनी काकांच्या वावरात गेलो. टाकी गळ्यापर्यंत भरली, तोच ट्यूबचा तुकडा बसवला, पन्नी बांधली, मागे कल्टिव्हेटर लावला आणि घड्याळ पाहत बसलो. एकविसाव्या मिनिटाला दम तोडला. झाकण उघडलं, एअर काढली, पुन्हा बांधून चालवला. पुन्हा बंद. मग ट्यूब काढली आणि तासभर चालवला, काही नाही. तेव्हा कुठे मला झोप लागली.

काकांनी ट्यूब लावली ती काळजीपोटी, हे विसरून चालणार नव्हतं. पाणी तर जायलाच नको. म्हणून पत्र्याची एक टोपी करून झाकणावर बसवली, खाली बोटभर फट ठेवून, म्हणजे पाऊस वरून वाहून जाईल आणि हवा खालून येईल. टाकीच्या तळाचा बोल्ट दर आठवड्याला सैल करून ग्लासभर डिझेल काढून पाहायचं, खाली पाणी दिसलं तर जाऊ द्यायचं, हे मुलाला दाखवलं. टाकी रात्री भरून ठेवायची सवय मात्र तशीच ठेवा म्हटलं, रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं.

जानेवारीत काकांनी पऱ्हाटी काढायला घेतली. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने जे केलं, ते या भागात कोणी विसरलेलं नाही. फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवलं की अळीची सोय होते, म्हणून काका आता चौथ्या वेच्यानंतर थांबतात आणि लहान श्रेडर लावून पऱ्हाटीचा भुगा करतात. श्रेडर म्हणजे पीटीओवर, ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, दिवसभर सारखं ओझं. त्या दिवशी चार वाजता त्यांचा फोन आला. मागे इंजिनाचा आवाज, ओरडून बोलत होते.

"मिस्त्री, सकाळी टिच्चून भरली होती."

"मग?"

"आता तळ लागला. डिझेल आनाले पोरगा गेला."